केळीच्या पाण्याचा माग

भुसावळ सोडून खंडव्याकडे निघालेली गाडी तापीचा पूल ओलांडते आणि थोड्याच वेळात खिडकीबाहेरचा रंग पालटतो. फेब्रुवारी सरत आला होता. पुलाच्या अलीकडे कापसाच्या उभ्या पऱ्हाट्या, हरभरा निघून मोकळी झालेली काळी राने, धुळीने माखलेल्या बाभळी. पलीकडे दुसखेडा मागे पडले की जो हिरवा रंग लागतो तो पार बऱ्हाणपूरपर्यंत सोबत करतो. रुळांच्या दोन्ही अंगांना केळी, नजर जाईल तिथवर केळी, आणि डाव्या हाताला सातपुड्याची निळसर रांग सारखी बरोबर चाललेली.

रावेर-यावलच्या या पट्ट्यात वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही चार महिन्यांत. केळीला वर्षभरात १८०० ते २००० मिलिमीटर पाणी लागते. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि दुपारचा वारा अंग भाजून काढतो. निसर्गाच्या हिशेबाने ही भुई ज्वारी-कापसाची, नाहीतर नुसत्या गवताची. तरीही जळगाव जिल्ह्यात चाळीस-पन्नास हजार हेक्टरांवर केळी उभी असते आणि तिचा गाभा रावेर-यावल तालुक्यांत आहे. पावसाने न दिलेले हे पाणी येते कुठून, हा प्रश्न घेऊन मी सावद्याला उतरलो आणि पुढे पाण्याच्या उलट्या दिशेने, म्हणजे तापीकडून डोंगराकडे, वर वर जात राहिलो.

सावद्याचे स्टेशन गावापासून लांब आहे, तापीच्या बाजूला. १८७० मध्ये जबलपूरकडे मुंबई आणि कलकत्त्याचे रूळ एकमेकांना मिळाले, तेव्हापासून हा लोहमार्ग देशाच्या मोठ्या रस्त्यांपैकी एक झाला आणि सावदा आपोआपच त्या रस्त्यावरचे गाव झाले. आधी इथून कापूस, गहू, जवस जात असे. मग केळी जाऊ लागली. सावदा, निंभोरा, रावेर या तीन स्टेशनांवर वॅगनी भरायच्या आणि कच्चा हिरवा माल दिल्लीच्या आझादपूर मंडीकडे निघायचा. फलाटावर घडांचे डोंगर, मध्ये पसरलेली केळीची वाळकी पाने आणि गाडी सुटायच्या आत वॅगन भरण्याची घाई, ही आठवण गावातली पन्नाशीपुढची माणसे अजून रंगवून सांगतात. आता बराचसा माल ट्रकने जातो, तरी केळीच्या गाडीचा विषय निघाला की इथला माणूस उठून बसतो. वॅगन वेळेवर मिळणे न मिळणे यावर इथे मुलींची लग्ने पुढे-मागे झालेली आहेत.

गावात शिरल्यावर जाणवते ते गावाचे वय. १७६३ मध्ये निजामाकडून सावदा पेशव्यांकडे आले आणि लवकरच सरदार रास्त्यांच्या वाट्याला गेले. रास्ते म्हणजे पेशव्यांचे सोयरे. नानासाहेबांच्या पत्नी गोपिकाबाई त्यांच्याच घरातल्या. इंग्रजी अमलात १८८३ मध्ये इथे नगरपालिका आली. १९०१ साली वस्ती होती ८,७२०. २०११ च्या जनगणनेत ती वीस हजारांच्या आसपास भरली. शंभर-सव्वाशे वर्षांत देशातली कितीतरी गावे फुगून ओळखू येईनाशी झाली, सावद्याची वाढ मात्र बेताची राहिली. जुन्या गल्ल्यांत लाकडी खांबांची माळवदी घरे आहेत. लेवा पाटलांचे वाडे, महानुभावांचे दत्तमंदिर, मशिदी, स्वामिनारायण मंदिर, सगळे हाकेच्या अंतरावर. गुरांचा बाजारही जुना आहे. निमाड आणि वऱ्हाडची जातिवंत जनावरे इथल्या आठवडे बाजारात येतात, अशी नोंद इंग्रजी गॅझेटियरमध्ये आहे.

त्याच गॅझेटियरमध्ये एक प्रसंग आहे, जो मला गावात कुणी सांगितला नाही आणि ज्याची पाटीही कुठे दिसली नाही. १८५२ मध्ये कंपनी सरकारने खानदेशात जमिनीची नवी मोजणी सुरू केली. मोजणी झाली की सारा वाढणार, हे शेतकऱ्यांनी ओळखले. सावद्याला दहा ते पंधरा हजार माणसे जमली. त्या काळात, पायी आणि बैलगाडीने आलेली दहा-पंधरा हजार माणसे! फौजेची तुकडी आली, पुढाऱ्यांना धरले, तेव्हा कुठे जमाव पांगला. अठराशे सत्तावन्नाच्या पाच वर्षे आधीची ही गोष्ट आहे. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांच्या उठावांचा इतिहास आपण बहुधा १८७५ च्या दख्खन दंग्यांपासून वाचू लागतो. सावद्याचे पान त्याच्या आधी लावायला हवे, असे मला मनापासून वाटते.

ज्यांच्या बागेत मी गेलो ते दादा साठीचे आहेत. इथे एकरांत बोलायची पद्धत कमी. जमीन विचारली की ते खोडे सांगतात. "यंदा आठ हजार खोडं आहेत." बागेत पाय टाकला की ऊन संपते. वरती पानांचे छत, खाली भिजलेली काळी माती, आणि पानांच्या देठांतून पाझरणाऱ्या चिकाचा तुरट वास. घडांना निळसर पिशव्या घातलेल्या होत्या. त्यांतली एक वर करून दादांनी घड दाखवला: वरच्या फण्यांची केळी जाड, बोटांसारखी वर वळलेली; खालच्या फण्या बारीक, म्हणून त्या लहान असतानाच काढून टाकलेल्या. केळीच्या टोकाचे सुकलेले फूल त्यांनी नखाने खुडले. ते वेळेवर खुडले नाही तर केळीवर डाग पडतो आणि डाग पडला की परदेशी जाणाऱ्या पेटीतून ती बाद होते. कापणीवाला विळ्याच्या एका घावात दांडा तोडत होता आणि दुसरा खांद्यावर घडी ठेवून घड अलगद झेलत होता. पंचवीस-तीस किलोंचा घड जमिनीला लागू न देता बांधापर्यंत न्यायचा, हे त्यातले कसब.

बाजारभावातही हीच बारकाई. नवती म्हणजे नव्या लागवडीचा पहिला माल, पिलबाग म्हणजे बुंध्याशेजारच्या पिलावर घेतलेला दुसरा, कांदेबाग पावसाळा संपताना लावलेली, आणि वापसी म्हणजे दुय्यम माल. प्रत्येकाचा भाव वेगळा निघतो. सकाळी चहाच्या टपरीवर आधी तो भाव विचारला जातो, मग तब्येत.

दादांच्या वडिलांच्या काळात बसराई होती. मग श्रीमंती, महालक्ष्मी आल्या आणि आता बहुतेक ग्रँड नैन आहे. या जाती कॅव्हेंडिश कुळातल्या. १८३० च्या दशकात इंग्लंडमध्ये चॅट्सवर्थच्या काचघरात जोसेफ पॅक्स्टन या माळ्याने मॉरिशसहून आलेले झाड वाढवले आणि ड्यूक ऑफ डेव्हनशायर या आपल्या धन्याच्या घराण्याचे नाव त्याला दिले. पुढे १९५० च्या दशकात पनामा रोगाने जगाच्या बाजारातली ग्रो मिशेल ही जुनी जात बुडवली आणि कॅव्हेंडिशने तिची जागा घेतली. सावद्याच्या बागेतले झाड आणि इक्वेडोरच्या मळ्यातले झाड असे भाऊबंद आहेत. १९९० च्या दशकात जळगावला ऊतिसंवर्धित रोपे तयार होऊ लागली, ठिबक आले, आणि अठरा महिन्यांचे पीक अकरा-बारा महिन्यांवर आले. २०१६ मध्ये तांदलवाडीच्या शेतकरी मंडळाच्या प्रयत्नांतून जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळाले. माल आखातात जातो. पॅकहाउसमध्ये फण्या पाण्यातून काढून, पुसून, तेरा किलोंच्या आसपास पेटीत भरताना पाहिले तेव्हा फलाटावर पाचोळ्यात लोळणाऱ्या घडांच्या आठवणी फार जुन्या वाटल्या.

पाण्याचे विचारले. दादा बागेच्या कोपऱ्यात घेऊन गेले. तिथे त्यांच्या आजोबांची विहीर आहे, दगडी बांधणीची, मोटेच्या धावेसकट. तळाशी गाळ आणि पिंपळाचे रोप. तिच्या शेजारी पहिली ट्यूबवेल, तीही बंद. थोडे पुढे दुसरी, मग तिसरी. तिसरी चालू आहे. "पानी खाली चाललं भो," ते म्हणाले, "अन् केयी वर." मग जेवायला चला म्हणाले.

जेवणात भरीत होते आणि भरिताबद्दल दोन शब्द लिहायलाच हवेत, कारण लेवा पाटलांच्या या मुलखात तो नुसता पदार्थ नाही, हिवाळ्याचा सण आहे. लांबट हिरवी-पांढरी वांगी कापसाच्या काड्यांच्या जाळावर भाजायची, साल काढून लाकडी बडजीत हिरव्या मिरच्या-लसणाबरोबर ठेचायची, आणि वरून कांद्याची पात व तेलात तळलेले शेंगदाणे. सोबत कळण्याची भाकरी किंवा पुरी. जवळचे बामणोद या वांग्यांसाठी नावाजलेले आहे. कापसाच्या काड्यांचा धूर वांग्यात उतरतो. गॅसवर भाजलेल्या वांग्याला ती चव येत नाही.

सावद्याहून पश्चिमेला थोड्या अंतरावर फैजपूर. एके काळी हे रंगाऱ्यांचे गाव होते. इथले छापील कापड आणि गडद जांभळट लाल रंग दूरवर विकला जाई, आणि पलीकडच्या यावलला हातकागद आणि नीळ होत असे. रंग, कागद, नीळ या सगळ्यांना पाणी लागते, म्हणजे केळीच्या आधीही हा पट्टा पाण्यावरच जगत होता. पण फैजपूर देशाला माहीत झाले ते डिसेंबर १९३६ मुळे. काँग्रेसचे पन्नासावे अधिवेशन इथे भरले आणि खेड्यात भरलेले ते पहिले. गांधीजींचा आग्रह होता की शहरे पुरे झाली. नंदलाल बोसांनी बांबू, चटया आणि गावच्या साध्या सामानातून नगर सजवले. अध्यक्ष जवाहरलाल नेहरूंची मिरवणूक बैलांच्या रथातून निघाली. खिरोद्याच्या धनाजी नाना चौधरींनी भार उचलला, साने गुरुजी खानदेशभर पायी हिंडले. त्याच वेळी किसान सभेचे अधिवेशनही इथे झाले आणि त्यासाठी मनमाडहून शेतकऱ्यांचा मोर्चा चालत आला. शेतसारा कमी करा, ही मागणी त्यात होती. सावद्याला मोजणीविरुद्ध लोक जमले होते त्याला तेव्हा ८४ वर्षे झाली होती आणि दोन्ही ठिकाणांमध्ये अंतर अवघ्या काही मैलांचे. ज्या मातीत सारावाढीला नकार उगवला तिथेच शेतीचा कार्यक्रम काँग्रेसने मंजूर करावा, हा योगायोग म्हणून सोडून देणे मला जड जाते.

उत्तरेचा रस्ता कोचूर, रोझोदा करत खिरोद्याकडे चढतो. चढ डोळ्यांना कळत नाही, पण माती कळते. सावद्याला बोटभर खणले तरी लोण्यासारखी काळी माती लागते. खिरोद्याच्या पुढे ती तांबूस होते, मग खडे येतात, मग गोटे, आणि डोंगराच्या पायथ्याशी नुसती गोलसर धोंड्यांची पसरण. सुकी नदीचे पात्र इथे पाहिले. रुंद, पांढरे, कोरडे. नदी कुठे गेली म्हणून विचारले तर पाण्याचे काम केलेल्या एका निवृत्त अभियंत्यांनी पायाखाली बोट दाखवले.

माझ्या प्रश्नाचे उत्तर या धोंड्यांत होते. सातपुडा आणि तापीचे खोरे यांच्या सांध्यावर जमिनीला मोठा भ्रंश आहे. त्याच्या उत्तरेला डोंगर उभा राहिला आणि दक्षिणेला खोरे खचले. खचलेली खोली तापी-पूर्णेच्या गाळाने भरत गेली; काही ठिकाणी हा गाळ तीनशे मीटरहून खोल आहे. डोंगरातून उतरणारे नाले पायथ्याशी आले की वेग हरवतात आणि बरोबर आणलेले दगड-गोटे तिथेच टाकतात. हजारो वर्षे टाकलेल्या या दगडगोट्यांचा काही किलोमीटर रुंदीचा पट्टा डोंगराला लागून पूर्व-पश्चिम पसरला आहे. भूगर्भाचे जाणकार त्याला बझाडा म्हणतात. पावसाळ्यात नाला या पट्ट्यावर आला की पाणी गोट्यांच्या फटींतून खाली उतरते, वाळूच्या थरांतून दक्षिणेकडे सरकते आणि काळ्या मातीच्या खालून सावद्याच्या विहिरींना मिळते. सावद्याला ७०० मिलिमीटरच पाऊस पडतो, पण सावदा डोंगरावरचा पाऊसही पितो.

पितो म्हणण्यापेक्षा उपसतो म्हणावे लागेल. रावेर आणि यावल हे दोन्ही तालुके भूजलाच्या सरकारी वर्गीकरणात अतिशोषित आहेत. जेवढे मुरते त्याहून जास्त निघते. या पट्ट्यात तापीचे पुराचे पाणी कालव्यांनी आणून मुरवायचे, अशी तापी महापुनर्भरण योजना अनेक वर्षे कागदावर होती. १० मे २०२५ रोजी महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश सरकारांनी भोपाळला तिच्या करारावर सह्या केल्या. ती पुरी होईल तेव्हा होईल. तोवर हे गोटे आणि त्यांच्यावरचे जंगल एवढाच भरवसा आहे.

गारबर्डीच्या धरणाशी सुकी पुन्हा भेटली, या वेळी निळी आणि भरलेली. पुढे घाट चढून पाल. चारी बाजूंनी डोंगर, मध्ये सपाट खोरे, थंडीत पहाटे धुके. सावद्याहून हे अंतर पंचवीस-तीस किलोमीटरांचे, पण माणसे आणि बोली दोन्ही बदललेली. पायथ्याच्या गावांत तडवी भिल्लांची वस्ती आहे. धर्माने ते मुसलमान. औरंगजेबाच्या काळात त्यांनी हा धर्म घेतल्याचे जुन्या नोंदी सांगतात. भिल्लांच्या कितीतरी रीती त्यांच्या घरांत आजही आहेत आणि ते अनुसूचित जमातींत मोडतात. वरच्या पाड्यांवर पावरा, मधूनमधून बंजाऱ्यांचे तांडे, गवळ्यांची घरे. होळी तोंडावर आली होती, त्यामुळे भोंगऱ्या बाजाराची तयारी दिसली. होळीच्या आधीच्या आठवड्यात सातपुड्यात गावोगाव हे बाजार भरतात. मोठाले ढोल येतात, बाया चांदीचे दागिने घालून येतात, होळीसाठी डाळ्या, फुटाणे, गूळ आणि साखरेचे हार घेतले जातात. पळून जाऊन लग्न करण्याचा बाजार, असे त्याचे वर्णन बाहेरचे लोक हौसेने करतात. शाळेत शिकवणाऱ्या एका पावरा बाईंना मी विचारले तेव्हा त्या स्पष्ट म्हणाल्या, "हा आमचा सणाचा बाजार आहे, भाऊ. तुम्ही दिवाळीला बाजारात जाता, तेव्हा तुमच्या मुली पळून जातात का?" त्या बरोबर बोलत होत्या आणि ते तसेच छापले जावे म्हणून मी इथे लिहितो आहे.

पालच्या आसपासपासून यावल अभयारण्य सुरू होते. १९६९ मध्ये घोषित झालेले, सुमारे १७७ चौरस किलोमीटरांचे, उत्तरेला मध्य प्रदेशाला भिडलेले. पूर्वेला मेळघाट आणि पश्चिमेला शिरपूरकडचे अनेर अभयारण्य, या दोहोंच्या मधला हा दुवा आहे. जंगल शुष्क पानझडीचे. फेब्रुवारीअखेर साग उघडे पडलेले, पळस पेटलेले, सालईच्या खोडांवरून कागदासारखी साल सुटत असलेली. अंजन मात्र हिरवा होता. जोडीजोडीने येणारी त्याची चिमुकली पाने गुरांना आवडतात आणि लाकूड इतके जड की पाण्यात बुडते. अंजन, धावडा, तेंदू, चारोळी, मोह, यांवर इथल्या घरांचा अर्धा संसार चालतो: धावड्याचा डिंक, तेंदूची पाने, मोहाची फुले.

माझ्याबरोबर एक तडवी चाचा होते, आयुष्यभर या रानात हिंडलेले. त्यांनी मला दोन नाले दाखवले, एकमेकांपासून अर्ध्या तासाच्या वाटेवर. पहिल्याच्या माथ्यावर जंगल दाट होते. त्यात घोट्याएवढे स्वच्छ पाणी वाहत होते, कडेला ओल्या मातीत अस्वलाच्या पंजाचा ठसा. दुसऱ्याच्या माथ्यावर झाडे तोडून शेत काढलेले. तो दिवाळीतच आटला, असे चाचा म्हणाले. अशा शेतांचा विषय निघाला की वनहक्क कायदा येतो, तो २००६ चा. पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्याला जमीन मिळावी हा त्याचा हेतू रास्त आहे आणि इथल्या अनेक पाड्यांना त्याने न्याय मिळाला. पण त्याच्या आडोशाने बाहेरून येऊन नवे रान तोडण्याचे प्रकारही या अभयारण्याने सोसले आहेत. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि सावद्यात बसून पहिली विसरणे जितके सोपे तितकेच मुंबईत बसून दुसरी.

सकाळी ऊन वर आल्यावर चाचांनी एका निष्पर्ण सागाकडे हात केला. फांदीवर एक लहानसे, गुबगुबीत घुबड भर उन्हात बसले होते. डोके जवळजवळ बिनठिपक्यांचे, गळा पांढरा शुभ्र, पायांवर दाट पिसे. शेपटी सारखी या अंगाला त्या अंगाला झटकत होते. मग खाली झेपावले आणि चोचीत सरडा घेऊन पुन्हा त्याच फांदीवर. गावातल्या पिंगळ्यासारखे दिसणारे, पण पिंगळा नव्हे. हा रानपिंगळा, आणि त्याची हकिकत एखाद्या तपासकथेला शोभेल अशी आहे. १८७३ मध्ये त्याचे पहिले वर्णन झाले. खानदेशात नेमणुकीवर असलेल्या जेम्स डेव्हिडसन या इंग्रज अधिकाऱ्याने इथल्या जंगलांतून त्याचे नमुने गोळा केले. १८८४ नंतर तो कुणाला दिसेना. रिचर्ड माइनरत्सहागेन या इंग्रज पक्षी-संग्राहकाने १९१४ मध्ये आपल्याला गुजरातेत एक मिळाल्याचा दावा केला, म्हणून लोक गुजरातेत शोधत राहिले. पामेला रासमुसेन या अमेरिकी संशोधिकेने तो नमुना तपासला तेव्हा उघड झाले की तो डेव्हिडसनचाच, संग्रहालयातून चोरून, नवी पाटी लावून ठेवलेला. खोटी पाटी बाजूला केल्यावर शोध जुन्या खऱ्या ठिकाणांकडे वळला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या सातपुड्यात ११३ वर्षांनी रानपिंगळा पुन्हा दिसला. पुढच्या पाहण्यांत तो यावल अभयारण्यातही सापडला. जगात हा पक्षी फक्त मध्य भारतात आहे.

वाघाचे विचारल्याशिवाय सावद्याच्या माणसाचे समाधान होत नाही. यावलला बिबट्या आहे, अस्वल आहे. वाघाची ये-जा क्वचित. पण जिल्ह्याच्या पूर्वेला, मुक्ताईनगर तालुक्यात डोलारखेडा-वडोद्याकडे वाघ आहेत आणि ते उन्हाळ्यात पूर्णाकाठच्या केळीच्या बागांत विसावतात, कारण तिथे गारवा आहे आणि पाणी आहे. केळीची बाग आणि जंगल या दोन जगांमधली कुंपणे आपण मनात घातलेली आहेत. वाघाला आणि पाण्याला ती ठाऊक नाहीत.

पालहून कुसुंब्याच्या वाटेने रावेरला उतरलो आणि तिथून बऱ्हाणपूरला गेलो, कारण बझाड्याची गोष्ट तिथे सर्वांत आधी कुणाला तरी कळली होती. फारुकींची आणि मग मुघलांची ही खानदेशाची राजधानी. मुमताजमहल १६३१ मध्ये इथेच वारली. त्याआधी, १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात तबकुतुल अर्झ नावाच्या पर्शियन जाणकाराने सातपुड्याचा पायथा पाहिला आणि इराणातल्या कोरड्या मुलखात शतकानुशतके चालत आलेली रीत इथे वापरली. डोंगरातून झिरपून तापीकडे निघालेले पाणी त्याने वाटेतच भुयारांत अडवले. भुयाराच्या माथ्यावर ठरावीक अंतराने विहिरीसारख्या कुंड्या, हवा आणि उजेडासाठी. भुयाराला अगदी हलका उतार. मोट नाही, रहाट नाही. पाणी आपल्या वजनाने शहरात येते. असे आठ भंडारे होते. त्यातला कुंडी भंडारा, ज्याला खुनी भंडाराही म्हणतात, शंभरावर कुंड्यांचा आहे आणि ४०० वर्षांनंतरही वाहतो. २०२४ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत त्याचे नाव आले.

एका कुंडीतून पाळण्याने ऐंशी फूट खाली जाता येते. खाली गुडघ्याएवढे गार, चालते पाणी, आणि चुनखडीच्या थरांनी पांढऱ्या झालेल्या भिंती. भिंतीला तळवा टेकला तर दगडाच्या सांध्यांतून पाणी झिरपताना हाताला कळते. हे तेच पाणी, त्याच डोंगराचे, त्याच गोट्यांतून आलेले. फरक एवढाच की इथे ते जेवढे येईल तेवढेच घेण्याची सोय होती. जास्त ओढता येईल असे यंत्रच त्यात नव्हते. आता आजूबाजूला बोअरवेल झाल्या आहेत आणि भंडाऱ्याची चिंता करणारे लोक त्यांच्याकडेच बोट दाखवतात.

सावद्याच्या दादांना फोनवर हे सांगितले. त्यांनी खोली दोनदा विचारून घेतली. ऐंशी फुटांवर पाणी चालताना त्यांनी लहानपणानंतर पाहिलेले नव्हते. पुढच्या आठवड्यात ते मुलाला घेऊन बऱ्हाणपूरला जाऊन आले, आणि आल्यावर बापलेकांनी आजोबांची कोरडी विहीर मोकळी करायचे ठरवले: बांधाशेजारचा नाला वळवायचा, वाळू-गोट्यांच्या खड्ड्यातून गाळून ते पाणी विहिरीत सोडायचे. गाळ पावसाआधी निघायला हवा. चिनावलच्या दोन गड्यांशी त्यांनी बोलणे केले आहे. मजुरी दिवसाची ठरवायची की फुटाची, एवढेच व्हायचे आहे.